भरपाई मिळाली, पण झोपेचं काय?

उरवड्याची ती आग मुळशीकर विसरलेले नाहीत. ७ जून २०२१, सोमवारची दुपार. पाणी शुद्ध करण्याचं रसायन बनवणाऱ्या कारखान्यात आग भडकली. आत शिरायला जेसीबीनं भिंती फोडाव्या लागल्या. पंधराहून अधिक कामगार गेले, त्यात बहुतेक बायाच. ओळख पटेना म्हणून ससूनमध्ये डीएनए तपासणी करावी लागली. वारसांना राज्य शासनानं ५ लाख आणि पंतप्रधान निधीतून २ लाख जाहीर झाले. चौकशी झाली, गुन्हा दाखल झाला.

आपल्याकडे पंचनामा होतो तो मेलेल्यांचा आणि जळालेल्या मालाचा. जे वाचले, जे धूर पाहून धावले, ज्यांनी शवागाराबाहेर रात्र काढली, त्यांच्या मनाचा पंचनामा कोण करतं? ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला, ३० जुलै २०१४ ला आपल्याच जिल्ह्यात माळीण गाडलं गेलं. घरं पुन्हा बांधून मिळाली. पण रात्री पाऊस कोसळू लागला की अंथरुणात उठून बसणाऱ्या माणसाला नुसतं पक्कं घर पुरत नाही.

शेतकरी बंधूंनो, तुम्हाला हे वेगळं सांगायला नको. ओढ्याच्या उतारावर एकदा बैल घसरून पडला की पुढं कितीही चुचकारा, तिथं पाय टाकत नाही. जनावराचं हे आपण समजून घेतो, माणसाला मात्र 'भित्रा' म्हणतो. मोठा आघात झाला की मन सारखं पहारा देत बसतं. संकट टळलंय हे त्याला पटतच नाही. डॉक्टर या आजाराला 'पीटीएसडी' म्हणतात, मराठीत आघातानंतरचा ताण.

लक्षणं ओळखायला सोपी आहेत. तोच प्रसंग स्वप्नात येतो, जागेपणीही डोळ्यांपुढं उभा राहतो. माणूस ती वाट, तो विषय टाळतो. उन्हाळ्यात भाताचा राब भाजायला घेतला की धुराच्या वासानं एखादीला दरदरून घाम फुटतो. भांडं पडलं तरी दचकायला होतं. झोप उडते, चिडचिड वाढते, कशातच जीव रमत नाही. काही जण बाटली जवळ करतात. पहिले काही दिवस असं कुणालाही होईल, बहुतेकांचं ते हळूहळू ओसरतं. पण महिना उलटला तरी सुटका नाही आणि कामधंदा अडला, तर तो आजार समजावा. कधी कधी तो कित्येक महिन्यांनी डोकं वर काढतो. म्हणून 'आता इतक्या दिवसांनी काय?' असं म्हणू नका.

अशा वेळी घरचे देवऋषाकडं नेतात. देवाला जरूर जा, पण दवाखाना चुकवू नका. या आजारावर इलाज आहे. प्रशिक्षित माणूस रुग्णाला त्या आठवणीला हळूहळू, धीर देत सामोरं जायला शिकवतो. गरज पडली तर गोळ्याही देतात. त्या आपल्या मनानं सुरू करू नयेत, बंदही करू नयेत.

जायचं कुठं? आधी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा पौडच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवा, पुढची चिठ्ठी मागा. पुण्यात ससूनमध्ये मानसोपचार विभाग आहे, येरवड्याला शासनाचं मनोरुग्णालय आहे. येरवड्याचं नाव काढलं की लोक बिचकतात, पण तिथं नुसतं तपासून औषध घेऊन घरी येता येतं. एवढंही जमत नसेल तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर फिरवा. २०२२ पासून ही सरकारी सेवा सुरू आहे. फोन फुकट लागतो, रात्री-अपरात्रीही. मराठीत बोला. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं हे उपचार मिळणं हा तुमचा हक्क आहे, कुणाचे उपकार नव्हेत.

आता सरपंच, ग्रामसेवक, पोलीस पाटील, तुम्हाला दोन शब्द. मुळशीत भातखाचरांच्या कडेला कारखाने उभे राहिले, आपल्याच लेकीबाळी तिथं कामाला जातात. उद्या कुठं अपघात झाला तर मदतीच्या यादीबरोबर आणखी एक यादी करा : कोण वाचलं, कुणी पाहिलं, कुणाच्या घरात पोरं मागं राहिली. महिन्यानं आशाताईंना त्या घरी पाठवा, पुन्हा सहा महिन्यांनी पाठवा. 'काय काय पाहिलंस ते सांग' म्हणून कुणाला खोदून विचारू नये. 'झोप लागते का? जेवण जातं का?' एवढं पुरे. बोलली तर ऐकून घ्यावं आणि दवाखान्यापर्यंत सोबत जावं. १४४१६ हा आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहायला तर ठरावही लागत नाही.

पाय मोडलेल्या माणसाला 'विसर आणि चालायला लाग' असं आपण म्हणत नाही. मन मोडलेल्यालाही म्हणू नका. आपल्या आळीत असं कुणी आहे का, आज जरा आठवून बघा.