लांबलचक शब्दांचा विग्रह विचारा

‘न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिऑसिस’ हा ४५ अक्षरांचा इंग्रजी शब्द मुलांकडून घोकून घेणे म्हणजे ज्ञान देणे नव्हे. ज्वालामुखीच्या अतिसूक्ष्म सिलिकायुक्त धुळीने होणारा फुफ्फुसाचा विकार, असा त्याचा अर्थ. पण तो वैद्यकातून आलेलाच नाही. १९३५ साली अमेरिकेतल्या नॅशनल पझलर्स लीग या कोडेप्रेमींच्या संघटनेचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी तो केवळ लांबीसाठी रचला. डॉक्टर म्हणतात ‘सिलिकोसिस’. दगडखाणीत राबणाऱ्यांचा श्वास हिरावणारा हा आजार बरा होत नाही. लांब शब्द पाठ असलेल्या मुलाला हे ठाऊक नसेल, तर त्याच्या हाती टरफलच आले.

अशा शब्दांनी भाषेची गोडी लागते, हा आक्षेप मला मान्य आहे. मात्र ती टिकते फोड केल्यावर. ‘अँटिडिसएस्टॅब्लिशमेंटेरियनिझम’ हा २८ अक्षरांचा शब्द घ्या. चर्चचा राजमान्य दर्जा काढून घेणे म्हणजे ‘डिसएस्टॅब्लिशमेंट’. त्याला विरोध करणारी भूमिका म्हणजे हा शब्द. आयर्लंडमधल्या अँग्लिकन चर्चचा तो दर्जा १८६९ च्या कायद्याने गेला, वेल्समध्ये १९२० साली. इंग्लंडमध्ये तो आजही आहे. एवढा इतिहास उपसर्ग-प्रत्ययांत दडलेला असतो आणि समासाचा विग्रह शिकणाऱ्या मराठी मुलाला ही रीत मुळीच परकी नाही. उलट ‘अँटि’ समजला की ‘अँटिसेप्टिक’, ‘अँटिबायोटिक’ आपोआप उलगडतात. म्हणून शिक्षकांना विनंती, पुढच्या स्पर्धेत स्पेलिंगआधी विग्रह विचारा.