सोन्याचा काटा आणि माणसाची काया

इंदूरच्या राजवाड्याजवळ सराफा नावाचा बाजार आहे. दिवसा तेथे सोन्याचांदीचा व्यवहार चालतो. रात्री पेढ्यांची दारे बंद झाली, की त्याच पायऱ्यांपुढे खाद्यपदार्थांची दुकाने मांडली जातात आणि भुट्ट्याचा कीस, गराडू, दहीवडे, जिलेब्या यांचा दरवळ मध्यरात्र उलटेपर्यंत त्या गल्लीत कोंदून राहतो. जेथे दिवसा गुंजागुंजांचा हिशेब होतो, तेथेच रात्री हिशेब न ठेवता खाल्ले जाते. गेल्या हिवाळ्यात एका स्नेह्यांच्या घरच्या कार्यानिमित्त आमचे या होळकरांच्या नगरीत जाणे झाले. तेथे जे पाहिले, ते केवळ इंदूरचे नसून आपल्या गोव्यातील घराघरांचेही आहे, म्हणूनच त्याचा ऊहापोह येथे करावासा वाटतो.

आमचे यजमान साठीकडे झुकलेले गृहस्थ. रक्तात साखर वाढल्याने डॉक्टरांनी त्यांना वजन उतरविण्यास सांगितले होते. तीन महिने ते रोज पहाटे तासभर चालत होते. भात निम्म्यावर आणला होता, गोड जवळजवळ सोडले होते. परंतु स्नानगृहाच्या दाराशी वजनाचा काटा येऊन बसला होता आणि दिवसातून चार-पाच वेळा त्यावर उभे राहण्याचा नेम त्यांना जडला होता. उठल्यावर एकदा, स्नानानंतर एकदा, फिरून आल्यावर एकदा आणि निजण्यापूर्वी एकदा तर ठरलेलेच. आम्हांस सराफा दाखविण्यासाठी ते आमच्याबरोबर आले, तेव्हा त्यांनी स्वतः द्रोणभर कीस तेवढा खाल्ला. दुसऱ्या दिवशी सकाळी काट्याने एक किलो दोनशे ग्रॅम अधिक दाखविले. गृहस्थ मटकन खुर्चीत बसले व म्हणाले, ‘‘झालं! तीन महिन्यांचं सगळं पाण्यात गेलं.’’ त्या दिवशी ते फिरावयास गेले नाहीत. न्याहारीला पोहे-जिलेबी मागविली आणि दोनदा वाढून घेतली.

‘पाण्यात गेलं’ हे त्यांचे शब्द त्यांना ठाऊक नसलेल्या अर्थाने खरे होते. वाढले होते ते बहुतेक पाणीच. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी साठविलेल्या असतात. एका रात्रीत सव्वा किलो चरबी अंगी लागावयाची, तर नेहमीच्या आहाराखेरीज नऊ हजारांहून अधिक कॅलरी पोटात गेल्या पाहिजेत. त्यासाठी सराफ्यातील निम्मी दुकाने एकट्याने रिकामी करावी लागतील! उलट, मिठाचा पदार्थ खाल्ला, की शरीर पाणी धरून ठेवते. आपल्याकडे सुका बांगडा, पापड, लोणचे पानात आले, की दुसऱ्या दिवशी हाच अनुभव येतो. पिष्टमय अन्नाचा जो साठा यकृतात व स्नायूंत होतो, तोही आपल्या प्रत्येक ग्रॅमामागे सुमारे तीन ग्रॅम पाणी सोबत बाळगतो. आहार कमी केल्यावर पहिल्या आठवड्यात वजन झपाट्याने उतरते, त्यातील मोठा वाटा या पाण्याचा असतो; पुढे तो वेग मंदावला, की माणूस निष्कारण खचतो. बद्धकोष्ठ, स्त्रियांचा मासिक धर्म, अंगावरील कपडे या साऱ्यांचा भार काट्यावर उमटतो. निरोगी माणसाचे वजनही एका दिवसात किलो-दीड किलोने सहज मागेपुढे होते.

आता दुसरी बाजू पाहावी. एखाद्याने नेटाने आहार सांभाळून रोज पाचशे कॅलरींची तूट साधली, तरी दिवसाकाठी चरबी घटते ती अवघी पासष्ट ग्रॅम. घरगुती काट्यांवर बहुधा शंभर ग्रॅमखालचा आकडा दिसतही नाही. किलोभराच्या चढउतारात पासष्ट ग्रॅम शोधणे म्हणजे मांडवीच्या काठी उभे राहून भरतीच्या पाण्यावरून समुद्र वाढला किंवा ओहोटीवरून तो आटला, असा निष्कर्ष काढण्यासारखे आहे. समुद्राकाठी जन्म घालविलेला माणूस ही चूक कधी करणार नाही. मात्र स्वतःच्या देहाची भरती-ओहोटी तो ओळखीत नाही.

ही गोष्ट काही नव्याने कळलेली नाही. इटलीतील पादुआ येथील सांक्तोरिओ नावाच्या वैद्याने तराजूला टांगलेल्या आसनावर बसून सुमारे तीस वर्षे स्वतःचे, आपल्या अन्नपाण्याचे व मलमूत्राचे वजन केले आणि १६१४ साली आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. दिवसभरात आठ पौंड अन्नपाणी घेतले, तर त्यातील सुमारे पाच पौंड डोळ्यांना न दिसणाऱ्या बाष्पाच्या रूपाने देहातून निघून जातात, असे त्याने नोंदविले. त्याचे आकडे आज तंतोतंत मानले जात नाहीत. परंतु ज्याने वजनाचा ध्यास आयुष्यभर घेतला, त्यानेच देह हे क्षणोक्षणी भरणारे व रिते होणारे पात्र असल्याचे दाखवून दिले. सराफाच्या काट्यावरील सोने पाणी पीत नाही आणि त्याला घामही येत नाही; म्हणून आठ गुंजांचा मासा सकाळी तोलला काय आणि सायंकाळी तोलला काय, तो तेवढाच भरतो. काया म्हणजे सोने नव्हे. दोष काट्याचा नाही. त्याला जे सांगता येत नाही, ते आपण रोज विचारतो, हा दोष आपला आहे.

या चुकीची किंमत केवळ मनस्तापाची असती, तर आम्ही अग्रलेखाची जागा त्यासाठी खर्ची घातली नसती. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार मधुमेहाचे प्रमाण सर्व राज्यांत गोव्यात सर्वाधिक, म्हणजे प्रौढांत २६.४ टक्के आढळले. प्रत्येक चार माणसांमागे एक! अशा प्रदेशात चालणे आणि मोजके जेवणे हे औषधच होय. ते औषध गुणकारी ठरत असतानाच केवळ काट्यावरील आकड्याला भिऊन माणसे टाकून देत असतील, तर ही सवय निरुपद्रवी म्हणता येणार नाही. आकडा वाढला की निराशेने खावे, उतरला की बक्षीस म्हणून खावे, दोन्हीकडून तोटाच.

शिवाय, वजन म्हणजे आरोग्याचा एकमेव पुरावाही नव्हे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापले गेले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही एकच, २२.३; परंतु युडकिन यांच्या देहात चरबी ९.१ टक्के, तर आपल्या याज्ञिकांच्या देहात २१.२ टक्के! काट्याच्या लेखी जे दोघे सारखे, ते आतून किती वेगळे होते, हे यावरून कळावे. आपल्या लोकांची चरबी पोटावर साठते. म्हणून पुरुषांनी कंबरेचा घेर ९० सेंटीमीटरच्या आत आणि स्त्रियांनी ८० च्या आत राखावा, असे सांगितले जाते. चालण्याने स्नायू बळावतात, पोट आत जाते, साखर ताब्यात येते. आणि यांपैकी काही काट्याला दिसत नाही.

तेव्हा काटा फेकून द्यावा काय? आमचे तसे म्हणणे नाही. वजन उतरवून ते टिकविणाऱ्या हजारो लोकांची एक नोंदवही अमेरिकेत १९९४ पासून ठेवली गेली. त्यांतील बहुसंख्य लोक आठवड्यातून एकदा तरी वजन करणारे आढळले. रोज वजन करून काहींना लाभ झाल्याचेही अभ्यास आहेत. ज्यांना आकडा वाचून पुढे जाता येते, त्यांनी खुशाल वाचावा. हृदयविकाराच्या वा मूत्रपिंडाच्या ज्या रुग्णांस डॉक्टरांनी रोज वजन करण्यास सांगितले आहे, त्यांनी तर ते कदापि सोडू नये. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढ म्हणजे त्यांच्या बाबतीत धोक्याची सूचना असू शकते. आमचा प्रश्न आहे तो ज्यांचा दिवस आकड्यावर उजाडतो आणि आकड्यावर मावळतो, त्यांचा.

त्यांच्यासाठी उपाय साधा आहे. सवय नुसती मोडू म्हटल्याने मोडत नाही. तिची जागा दुसऱ्या कशाने भरावी लागते. काटा स्नानगृहाच्या दारातून हलवून माळ्यावर ठेवावा, म्हणजे प्रत्येक वेळी तो काढण्याचे श्रम आड येतील. आठवड्याचा एकच वार ठरवावा. त्या दिवशी शौचानंतर, काही खाण्यापिण्यापूर्वी, तशाच हलक्या कपड्यांत वजन करून आकडा भिंतीवरील दिनदर्शिकेत लिहावा. एका आकड्यावरून हर्ष वा खेद न मानता चार आठवड्यांचे आकडे एकत्र पाहावेत. मधल्या सहा दिवशी त्याच चौकोनात आपण काय केले ते लिहावे : किती वेळ चाललो, रात्री किती वाजता जेवलो. वजन किती भरेल हे आपल्या हाती नसते. चालणे मात्र असते. महिन्यातून एकदा कंबरेला फीत लावावी. एवढे करूनही आकड्याची भीती जेवणाचा घास अडवू लागली, तर ते डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

आपल्या देवळांतून तुळाभाराची चाल आहे. नवस फेडण्यासाठी माणूस पारड्यात बसतो, दुसऱ्या पारड्यात गूळ किंवा नारळ पडतात, दांडी समतोल झाली की तो कृतज्ञतेने उतरतो आणि घरी जातो. तेथे पुन्हापुन्हा पारड्यात चढून कोणी पाहत नाही. आमच्या इंदूरच्या यजमानांचे नुकतेच पत्र आले. काटा आता रविवारीच खाली उतरतो, असे त्यांनी लिहिले आहे. वजन किती उतरले, ते त्यांनी कळविलेले नाही. पहाटेचे चालणे पुन्हा सुरू झाल्याचे मात्र कळविले आहे. आम्हांस तेवढे पुरेसे वाटले.