दुखणं अंगात, धास्ती मनात

मैत्रिणींनो, ताप येतो नि चार दिवसांत जातो. तेवढे दिवस घरही आपल्याला सांभाळून घेतं. पण वर्षानुवर्षं मुक्कामाला आलेलं दुखणं निराळं. घराला त्याची सवय होते, आपल्याला मात्र होत नाही.

मला सात वर्षांपासून आमवात आहे. सकाळी उठल्यावर तासभर मूठ वळत नाही. कणीक मळणं, कपडे पिळणं, शाळेत फळ्यावर लिहिणं, सारं बोटांच्या मर्जीवर. औषधानं आराम पडतो, पण आजार मुळापासून जाणारा नाही, हे डॉक्टरांनी पहिल्याच वर्षी सांगितलं.

पाली भाषेतल्या संयुत्तनिकायात भगवान बुद्धांनी दिलेला एक दृष्टान्त आहे. माणसाला बाण लागला तर वेदना होणारच. पण पाठोपाठ दुसराही लागला तर? शरीराचं दुखणं हा पहिला बाण. त्यावरून मनानं मांडलेला आकांत हा दुसरा. ‘माझ्याच वाट्याला का?’, ‘घरच्यांना माझा कंटाळा आला असेल का?’ हे सारे दुसरे बाण. पहिल्यावर इलाज डॉक्टरांचा. दुसऱ्यावर आपल्यालाही थोडंफार करता येतं.

‘काळजी करू नकोस’ म्हटल्यानं काळजी जात नाही, हे आपण सगळ्या जाणतो. म्हणून मला अंगुत्तरनिकायातली नकुलमाता फार आवडते. तिचा नवरा नकुलपिता अतिशय आजारी पडला. मनात काळजी ठेवून जाणं दुःखाचं, असं सांगून तिनं त्याच्या शंका एकेक करून फेडल्या. मुलांचं कसं होईल? मला सूत कातता येतं, लोकर पिंजता येते, मी घर चालवीन. मी दुसरं घर करीन असं वाटतं? नाही करणार. नकुलपिता त्या दुखण्यातून उठला, असं ती कथा सांगते. बरं होणं आपल्या हातचं नसतं. पण काळजीला नाव देऊन तिला उत्तर शोधणं कुठल्याही घरात जमण्याजोगं आहे.

एका रविवारी मी चार काळज्या वहीत लिहून यांच्यापुढे ठेवल्या. सकाळचे डबे? “कणीक मी मळीन, पोळ्या तू लाट,” हे म्हणाले. कपडे पिळण्याचं काम मुलीनं घेतलं. शाळा सोडावी लागली तर? दोघांनी बसून हिशेब मांडला. ओढाताण होईल, पण भागेल. चौथी होती, ‘आजार वाढला तर?’ याला उत्तर नव्हतं. हे बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, “तेव्हा बघू. दोघं मिळून बघू.” ती काळजी अजून वहीत आहे. पण चारांतली एकच उरली.

सकाळच्या त्या तासात मी कोमट पाण्यात हात धरून बसते. ‘बोटं दुखताहेत’ एवढंच मनाशी म्हणते. ‘माझं नशीबच फुटकं’ हे शेपूट त्याला जोडायचं नाही. ठणका चढतो, उतरतो, तेवढं पाहायचं. रोज जमतंच असं नाही.

एक मात्र ध्यानात ठेवा. हे औषधाच्या जोडीला, औषधाऐवजी नव्हे. गोळ्या आणि रक्ततपासणी चुकवू नका. झोप-भूक उडाली, जगणं नकोसं वाटू लागलं, तर तेही डॉक्टरांना सांगा. त्यावरही उपचार असतात.

या आठवड्यात तुमच्या काळज्या लिहून काढा, आणि घरातल्या एका माणसाला तरी वाचून दाखवा. आजारी दुसरं कुणी असेल, तर वही त्यांच्या हाती द्या आणि उत्तरं द्यायला तुम्ही बसा.