भिंत गळली, साहेब सुटले

मुंबईच्या पश्चिमेचा समुद्र हटवून ११४५ एकर जमीन काढायची आणि ती विकून कर्ज फेडायचे, असा बेत गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या सरकारने १९२० मध्ये पक्का केला. पहिले महायुद्ध नुकतेच संपले होते, गिरण्या जोरात होत्या, जागेचे भाव आभाळाला भिडले होते. खर्चाचा अंदाज होता सुमारे पावणेचार कोटी रुपयांचा. पुढे एक-दोन वर्षांतच तो सात कोटींवर गेला. तरीही काम थांबवून नव्याने हिशेब मांडण्याची गरज कोणालाही वाटली नाही.

बॅकबेची ही योजना कागदावर सोपी दिसत होती. कुलाबा आणि मरिन लाइन्स अशा दोन्ही टोकांकडून समुद्रात दगडी भिंत घालायची. पूर्वेकडच्या बंदरातला गाळ ड्रेजरने उपसायचा, पाण्यात कालवून मोठ्या नळांतून कुलाब्याच्या पलीकडे ढकलायचा आणि भिंतीच्या आत सोडायचा. ड्रेजरला नावही गव्हर्नरसाहेबांचेच दिले होते. तळाची माती मात्र अपेक्षेपेक्षा घट्ट निघाली आणि ड्रेजर ठरल्यापेक्षा फार कमी गाळ काढू लागला. त्याहून वाईट म्हणजे भिंतच गळकी निघाली. दगडांच्या फटींतून चिखल पुन्हा समुद्रात जाऊ लागला. एका बाजूने पैसे खर्चून भराव टाकायचा आणि दुसऱ्या बाजूने तो वाहून जायचा, असे हे काम चालले. दरम्यान जागेचे भाव कोसळले, आणि जमीन विकून कर्ज फेडण्याचा मूळ हिशेबही बुडाला.

मुंबई कायदे कौन्सिलात आवाज उठवला तो खुर्शेद फ्रामजी नरिमन या पारशी वकिलाने. त्यांनी कागद मागितले, आकडे पडताळले, अधिकाऱ्यांची नावे घेतली. आपल्या कारभारावरच्या आरोपांमुळे हार्वे या इंजिनिअरने त्यांच्यावर फौजदारी बदनामीचा खटला भरला. हिशेब देणारे बाजूला राहिले आणि हिशेब मागणारा आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला. १९२८ मध्ये नरिमन निर्दोष सुटले. मुंबईकरांनी त्यांना डोक्यावर घेतले ते उगीच नव्हे. साम्राज्याच्या अधिकाऱ्याला भर कोर्टात हिशेबाला उभे करण्याची हिंमत त्या काळी फार थोड्यांत होती.

सरकारनेही चौकशी केली. १९२६ मध्ये सर ग्रिमवुड मिअर्स यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, तिच्यात मोक्षगुंडम विश्वेश्वरय्याही होते. समितीचा अहवाल आला, योजना आवरती घेण्यात आली. ११४५ एकरांपैकी शेवटी ४३९ एकर जमीन हाती लागली. त्यातला मोठा तुकडा लष्कराला विकला गेला आणि एका पट्ट्यावर पुढे मरिन ड्राइव्ह उभा राहिला.

आणि ज्यांनी निर्णय घेतले ते? लॉइड १९२३ अखेर मायदेशी परतले होते. १९२५ मध्ये, म्हणजे समिती बसण्याच्या आधीच, त्यांना उमरावपद मिळाले आणि इजिप्तमध्ये ब्रिटनचे हाय कमिशनर म्हणून नेमणूकही झाली. बुडालेल्या कोट्यवधींची फेड मुंबई इलाख्याच्या तिजोरीवर, म्हणजे शेतसारा भरणाऱ्या कुणब्यावर आणि इथल्या व्यापाऱ्यावर पडली. बॅकबेचे काम पाहणाऱ्या सरकारच्या विकास खात्यानेच कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधायचे ठरवले होते. सोळा हजारांच्या आसपास ते काम थांबले. वरळी, नायगाव, शिवडी आणि ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळी त्या खात्याच्याच. समुद्रात गेलेल्या पैशातून अशा आणखी किती चाळी उभ्या राहिल्या असत्या!

वसाहतीचे राज्य असेच चालणार, असे म्हणून ही गोष्ट बंद करता येत नाही, कारण त्या राज्याची कवचे आपण जपून ठेवली आहेत. सरकारी नोकरावर खटला भरायचा तर आधी सरकारची मंजुरी हवी, ही १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतली तरतूद २०२३ च्या नागरिक सुरक्षा संहितेतही आली. २०१८ मध्ये भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात कलम १७ अ घालून अधिकाऱ्याच्या निर्णयाच्या नुसत्या तपासालाही पूर्वपरवानगी लागू लागली. फौजदारी बदनामीही नव्या न्याय संहितेत कायम आहे. प्रामाणिक अधिकाऱ्याला खोट्या तक्रारींपासून संरक्षण हवेच, त्यावर वाद नाही. पण त्याच आडोशाला चुकीचे अंदाज करणाराही निवांत बसतो.

पाटबंधारे असोत की रस्ते, महाराष्ट्रात प्रकल्पाचा खर्च वाढला की ‘सुप्रमा’ येते, म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता. मूळ अंदाज कोणी केला, तो कशामुळे चुकला आणि त्या अधिकाऱ्याचे पुढे काय झाले, हे सामान्य माणसाला सहसा कळत नाही. प्रत्येक सुप्रमासोबत मूळ अंदाजावर सही करणाऱ्याचे नाव आणि वाढीची कारणे जाहीर करण्याचे बंधन सरकारने घालावे. खटल्याची मंजुरी नाकारली तर त्याचे लेखी कारणही लोकांसमोर ठेवावे. पुढच्या अधिवेशनाआधी वाचकांनी आपापल्या आमदाराला एवढे जरूर विचारावे: आपल्या तालुक्यातल्या प्रकल्पाचा पहिला अंदाज किती होता, आणि त्यावर सही कोणाची होती?