संकेतस्थळावरील कुळे

वाचनालये, सहकारी संस्था, कामगार संघटना ह्यांच्या संकेतस्थळांवर एक चौकट पुष्कळदा आढळते. संस्थेने फेसबुक, इन्स्टाग्राम वा ‘एक्स’वर जे प्रसिद्ध केले असेल ते तीत आपोआप उमटत राहते. हे काम करणाऱ्या तयार जोडणीला ‘विजेट’ म्हणतात. संगणकाची भाषा न जाणणारा कार्यकर्ताही रचनेच्या सॉफ्टवेअरमधून ते पानावर आणून बसवू शकतो. ही सोय खरीच आहे. तिची थट्टा करण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो चौकटीच्या मालकीचा.

अडोबी कंपनीच्या ‘म्यूज’ची हकिकत ह्या संदर्भात उद्बोधक आहे. २०१२ साली आलेल्या ह्या सॉफ्टवेअरने कोड न लिहिता संकेतस्थळ रचण्याची सोय दिली, आणि त्यासाठी विजेटे बनवून विकणाऱ्या लहान व्यावसायिकांची एक बाजारपेठच उभी राहिली. २६ मार्च २०१८ रोजी कंपनीने त्याचा पुढील विकास थांबवीत असल्याचे जाहीर केले; दोन वर्षांनी तांत्रिक साहाय्यही संपले. म्यूजमधील मूळ आराखडा दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जसाच्या तसा नेता येत नव्हता. ज्यांनी त्यात वर्षानुवर्षे श्रम ओतले होते त्यांना रचना नव्याने मांडावी लागली.

बरे, रचनेचे सॉफ्टवेअर टिकले तरी विजेट हे केवळ रिकामे भांडे असते. त्यात मजकूर येतो तो समाजमाध्यमाच्या ‘एपीआय’ नावाच्या दारातून, आणि त्या दाराची किल्ली कंपनीच्या कमरेला असते. इन्स्टाग्रामने आपले जुने दार २९ जून २०२० रोजी बंद केले. त्याऐवजी जे दिले तेही ४ डिसेंबर २०२४ रोजी बंद झाले; व्यावसायिक स्वरूपाच्या खात्यांनाच आता नवा मार्ग मोकळा आहे. ट्विटरने २०२३ मध्ये मजकूर वाचून घेण्याची फुकट सोय काढून घेतली व महिना १०० डॉलरपासून दर लावले. प्रत्येक वेळी असंख्य चौकटी एका रात्रीत कोऱ्या पडल्या. १९४८ च्या कूळकायद्याने आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने महाराष्ट्रातील कसणाऱ्याला निदान हुसकावून लावण्याविरुद्ध कायद्याचा आधार दिला. ह्या नव्या कुळांना तेवढाही नाही; करार एकतर्फी बदलतो आणि तो बदलल्याचे कळते ते बहुधा चौकट कोरी पडल्यावरच.

खंडही आहेच, फक्त तो संस्थेकडून नव्हे, तिच्या वाचकांकडून वसूल होतो. जर्मनीतील ‘फॅशन आयडी’ ह्या कपड्यांच्या दुकानाने आपल्या संकेतस्थळावर फेसबुकचे ‘लाइक’चे बटन बसवले होते. पान उघडणाऱ्याची माहिती फेसबुककडे जाई. त्याने बटन दाबलेले नसो, त्याचे फेसबुकवर खातेही नसो. ग्राहक संघटनेने दावा लावला. युरोपीय न्यायालयाने २९ जुलै २०१९ रोजी निर्णय दिला की, माहिती गोळा करून पुढे धाडण्यापुरता दुकानदारही फेसबुकसह संयुक्तपणे जबाबदार आहे. सभासदांची यादी मालकाच्या हाती पडू नये म्हणून दक्ष असणारी संघटना आपल्या पानावर अशी चौकट विचार न करता लावते, ह्याला काय म्हणावे?

लोक जेथे आहेत तेथे जावे लागते, हा युक्तिवाद रास्त आहे. फेसबुक सोडा, असे येथे सुचवायचे नाही. क्रम मात्र उलटा हवा. पत्रक, छायाचित्र, सभेची सूचना आधी संस्थेच्या पानावर तारखेनिशी यावी आणि तेथून समाजमाध्यमांवर जावी. पानावर चौकटीऐवजी साधा दुवा पुरतो. ‘आरएसएस’ हा कोणाच्याही मालकीचा नसलेला मार्ग १९९९ पासून उपलब्ध आहे आणि तो आजही चालतो. अडचण तंत्राची नाहीच. पानावर मजकूर चढवण्याचे काम आठवड्याला अर्ध्या तासाचे असते, पण ते कोणावर तरी नेमून द्यावे लागते. आणि बहुतेक कार्यकारिणींत ते कोणावरच सोपवलेले नसते, म्हणून तर विजेट येते.