हौद्यातील घर आणि हातांची विद्या

स्थिर घरात पुष्कळ चुका खपून जातात. भिंत बोटभर वाकडी असली तरी तिला टेकून कपाट उभे राहते. अडगळ वाढली तर माळा असतो. चालत्या घरात मात्र एकही चूक खपत नाही. रस्त्यावरील प्रत्येक खड्डा त्या घराची परीक्षा घेतो. यंदा आम्ही दहावीच्या विद्यार्थ्यांनी असे एक चालते घर कागदावर आणि शाळेच्या पटांगणावर बांधून पाहिले. त्या उद्योगातून आमचे जे मत बनले ते वाचकांपुढे नम्रपणे, परंतु स्पष्टपणे मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

अमेरिकेत छोट्या मालमोटारीच्या, म्हणजे पिकअप गाडीच्या हौद्यात बसेल अशी एक खोली बांधतात. तिला ट्रक कॅम्पर म्हणतात. तीत झोपण्याची जागा, चूल, पाण्याची टाकी व दिवा असतो. खोली हौद्यातून सुटी करता येते. चार कोपऱ्यांना चार जॅक लावून ती उचलली की गाडी खालून निघून जाते आणि घर आपल्या पायांवर उभे राहते. कारखान्यात तयार झालेले कॅम्पर विकत मिळतात, तथापि स्वतःच्या परसात, सुटीच्या दिवशी, करवत आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन ते बांधणाऱ्यांची परंपराही तेथे मोठी आहे.

या परंपरेचे मूळ मोटारीच्याही आधीचे आहे. १८६६ साली टेक्सासमधील पशुपालक चार्ल्स गुडनाइट याला शेकडो मैल गुरे हाकत न्यायची होती. त्याने सैन्याची एक जुनी भक्कम गाडी घेतली आणि तिच्या मागील बाजूस खणांचे फडताळ बसविले. फडताळाचे झाकण खाली पाडले की त्याचाच ओटा होई. बाजूला पाण्याचे पिंप आणि खाली सरपणासाठी कातड्याची झोळी. पुढे १९०८ साली फोर्डची मॉडेल टी मोटार आली आणि सामान्य कुटुंबे तंबू व डबे बांधून प्रवासाला निघू लागली. १९१९ साली फ्लोरिडातील टँपा येथे अशा प्रवाशांचा एक संघच स्थापन झाला. त्याचे नाव टिन कॅन टूरिस्ट्स. १९६० साली कादंबरीकार जॉन स्टाइनबेक याने पिकअपवर मुद्दाम खोली करवून घेतली, डॉन किहोतेच्या घोड्यावरून गाडीचे नाव रोसिनांते ठेवले आणि कुत्र्याला सोबत घेऊन देशभर प्रवास केला. ती गाडी आजही कॅलिफोर्नियातील सलिनास येथील संग्रहालयात पाहावयास मिळते.

हा वृत्तांत वाचून आम्हांस वाटले की आपणही एक आराखडा करून पाहावा. पिकअप आमच्यापाशी नव्हती, म्हणून पटांगणावर खडूने तिचा हौदा आखला. लांबी ८ फूट, रुंदी साडेपाच फूट. चाकांच्या दोन कमानींमधील जागा ४ फूट २ इंच. मोठ्या अमेरिकन पिकअपचे माप साधारण असेच असते. ४ फूट रुंद आणि ८ फूट लांब प्लायवुडची शीट त्या दोन कमानींमध्ये सपाट बसावी, हा त्या मापामागील हिशेब आहे. गाडी बनविणाऱ्याने सुताराच्या शीटचे माप ध्यानात ठेवले, ही गोष्ट आम्हांस फार आवडली.

खडूच्या त्या आयतात प्रथम आम्ही चौघे शिरलो. कल्पनेतील पलंग, ओटा आणि पुस्तकांचे कपाट मांडले, तर उभे राहावयास एकालाही जागा उरली नाही. पलंग आडवा टाकावा, तर साडेपाच फुटांपेक्षा उंच मित्राचे पाय भिंतीबाहेर जाऊ लागले. चालकाच्या केबिनच्या टपावर पुढे झुकलेला माळा करून तेथे झोपण्याची सोय का करतात, याचा उलगडा आम्हांस तेथे, पटांगणावर, झाला.

जागेचा प्रश्न सुटला तेव्हा वजनाचा प्रश्न उभा राहिला. आम्ही ७०० किलो भार वाहणारी गाडी गृहीत धरली होती. १२ मिलिमीटर जाडीच्या प्लायवुडची एक शीट तोलून पाहिली. ती २२ किलो भरली. अशा २० शीट लागणार, म्हणजे ४४० किलो. दोन माणसे १३०. पाणी ८० लिटर म्हणजे ८० किलो. बॅटरी ३५ आणि गॅसची लहान टाकी शेगडीसह १५. बेरीज बरोबर ७०० झाली. आणि अजून घरात एकही अंथरूण नव्हते, एकही भांडे नव्हते, तांदळाचा एक दाणा नव्हता! वर्गात गणितात पहिला येणारा आमचा मित्र फळ्यावरील त्या बेरजेकडे बराच वेळ पाहत राहिला.

आम्ही आराखडा बदलला. एका जाड भिंतीऐवजी लाकडाची हलकी चौकट, तिच्या दोन्ही अंगांना ४ मिलिमीटरचे पातळ प्लायवुड आणि मध्ये थर्मोकोल. अशा भिंतीने सुमारे १०० किलो वाचले. शिवाय थर्मोकोलमुळे ऊन व थंडी अडते. पाणी निम्म्यावर आणले. पुस्तकांच्या कपाटाची एक फळी झाली, आणि त्या फळीवर कोणती पुस्तके राहावीत यावर जो वाद झाला तो अद्याप मिटलेला नाही.

आमच्या वर्गात एक मित्र आहे. तो मागच्या बाकावर बसतो आणि सहसा बोलत नाही. त्याचे वडील मालमोटारींच्या बॉड्या बांधणाऱ्या एका कारखान्यात कारागीर आहेत. वर्गात कोणी विचारले तर तो नुसते “नोकरी करतात” एवढेच सांगे. आमच्या आराखड्यात चौकटीला खिळे मारलेले पाहून तो प्रथमच पुढे आला आणि म्हणाला, “खिळे नकोत. गाडी हादरते, खिळे हळूहळू वर येतात. सांध्याला डिंक लावायचा आणि स्क्रू पिळायचा.” मग तो थांबला नाही. दारांना नुसती कडी पुरत नाही, दाबून बसणारी खिटी लागते. छतावरील पत्र्याचा सांधा भिंतीवर दुमडून खाली आणावा, नाही तर पहिल्याच पावसात तेथून पाणी शिरते. असे एकेक तो सांगत गेला आणि आम्ही लिहून घेत गेलो.

पुढच्या रविवारी आम्ही त्याच्या वडिलांकडे गेलो. ते एका हौद्याची लोखंडी चौकट जुळवीत होते. काकांनी फितीचे एक टोक एका कोपऱ्यावर धरावयास लावले, समोरच्या कोपऱ्यापर्यंत माप घेतले. मग उरलेल्या दोन कोपऱ्यांमधील माप घेतले. दोन्हींत अर्ध्या इंचाचा फरक होता. “कोनाकोनी माप सारखं आलं पाहिजे, तरच चौकट काटकोनात,” ते म्हणाले आणि हातोडीच्या दोन ठोक्यांत फरक काढून टाकला. समांतरभुज चौकोनाचे कर्ण समान असतील तर तो आयत असतो, हे प्रमेय आम्ही सिद्धतेसह पाठ केले आहे आणि त्यावर गुणही मिळविले आहेत. तथापि ते कशाच्या कामी येते, असे आम्हांस कोणी विचारले असते तर आम्ही निरुत्तर झालो असतो. चौथीपर्यंत शिकलेले काका ते प्रमेय रोज वापरतात. ‘कर्ण’ हा शब्द मात्र त्यांनी आमच्याकडून त्या दिवशी प्रथम ऐकला.

असाच दुसरा अनुभव घरी आला. कॅम्परमधील जड वस्तू मागील आसाच्या पुढे ठेवाव्यात, असा नियम आहे. भार आसाच्या मागे गेला की पुढच्या चाकांवरील दाब कमी होतो आणि गाडी चालकाच्या हाती नीट राहत नाही. एका मित्राच्या आजोबांना हे सांगताच ते हसून म्हणाले, “म्हणजे गाडी उलाळ होते.” आजोबा तरुणपणी मार्गशीर्षात बैलगाडीने सौंदत्तीच्या यल्लम्माच्या यात्रेला जात. मागे भार जास्त झाला तर गाडी उलाळते, पुढे जास्त झाला तर बैलांच्या मानेवर येतो, म्हणून पाण्याची घागर आणि धान्याचे पोते आसाच्या अंदाजाने मांडावयाचे, हे त्यांना कोणत्याही पुस्तकाने शिकविले नव्हते. आम्ही भौतिकशास्त्रात गुरुत्वमध्य शिकतो. आजोबांपाशी त्यासाठी एक जिवंत मराठी शब्द आहे आणि तो आमच्या पिढीला ठाऊक नाही.

यावरून आमचे मत असे झाले आहे : हातांनी काम करणाऱ्या माणसांपाशी जी विद्या आहे ती खरी विद्या आहे, ती आमच्याच घरांत आणि आमच्याच गल्ल्यांत आहे, आणि शाळेने तिला दारात थांबवून ठेवले आहे. आमच्या वेळापत्रकात हस्तव्यवसायाचा तास छापलेला आहे. प्रत्यक्षात तो बहुधा सराव परीक्षेस दिला जातो. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षण देण्याची कल्पना मांडली, हे आम्हांस इतिहासात दोन गुणांसाठी शिकविले जाते. ज्या कल्पनेवर प्रश्न विचारला जातो ती आचरणात आणण्यास एक तासही उरत नाही, ही विसंगती गुरुजनांच्या नजरेस आणून देणे आमचे कर्तव्य आहे.

आमच्यावर आक्षेप येतील, याची आम्हांस जाणीव आहे. कोणी म्हणेल, ही श्रीमंत देशाची चैन आहे. ज्याला स्थिर घर आहे त्यालाच फिरत्या घराचे कौतुक. हे खरे आहे, आणि आम्ही ते नाकारीत नाही. खुद्द अमेरिकेत भाडे परवडत नाही म्हणून मोटारीत राहणारी माणसे आहेत. आमच्याकडे ऊसतोडीच्या हंगामात कुटुंबेच्या कुटुंबे संसार गाडीवर लादून निघतात. त्यांची मुले आमच्याच वयाची असतात आणि त्यांची शाळा बुडते. त्यांच्यापुढे कॅम्परच्या गमतीजमती सांगण्याचे धैर्य आम्हांस होणार नाही. आम्ही गौरव करीत आहोत तो भटकण्याचा नव्हे, बांधण्याचा.

दुसरा आक्षेप असा की अर्धवट ज्ञानाने केलेले काम घातक असते. हाही रास्त आहे. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो गळला तर जमिनीलगत साचतो, म्हणून बंद खोलीत तळाशी झरोका हवाच. शेगडीत कोळसे पेटवून दारे लावून झोपणे म्हणजे मृत्यूला बोलावणे होय, कारण कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही आणि वासही नाही. आपल्या देशात १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार नोंदणी झालेल्या वाहनात मन मानेल तसा बदल करता येत नाही. परंतु हे धोके आम्हांस कसे कळले? आराखडा करावयास बसलो म्हणूनच कळले. धोक्याचे ज्ञान कामापासून दूर राहून होत नाही. जाणत्याच्या देखरेखीखाली काम करूनच होते.

तिसरा आक्षेप गुणांचा. दहावीच्या वर्षी असले उद्योग कशास, असे आमच्या पालकांनीही विचारले. आमचे उत्तर एवढेच की बेरीज ७०० आली तेव्हा आम्ही ज्या एकाग्रतेने ती पुन्हा तपासली, तशी कोणत्याही सराव परीक्षेत तपासली नव्हती. तेथे चूक झाली असती तर गुण गेले असते. येथे घर मोडले असते.

यास्तव आमच्या मागण्या मोजक्या आहेत. हस्तव्यवसायाचा तास हस्तव्यवसायालाच राहावा. महिन्यातून एकदा गावातील एखादा सुतार, फिटर, गवंडी वा शिंपी यांस शाळेत पाहुणे म्हणून नव्हे, शिक्षक म्हणून बोलवावे. त्यांस गुरुजनांप्रमाणेच मान व मानधन मिळावे. आणि प्रत्येक इयत्तेने वर्षाकाठी एक तरी वस्तू अशी बनवावी जी वापरात येईल व जिची चूक वापरताना उघडी पडेल. कॅम्परच पाहिजे असे नाही. वाचनालयाची डुगडुगणारी बाके दुरुस्तीची वाट पाहत आहेतच.

आमचे हे शाळेतील शेवटचे वर्ष. आराखडा, वजनांचा तक्ता आणि मित्राने सांगितलेल्या सूचनांची वही आम्ही ग्रंथालयात ठेवली आहे. नववीच्या बंधुभगिनींनी ती अवश्य पाहावी आणि आमच्या चुका काढाव्यात. वहीच्या पहिल्या पानावर मार्गदर्शक म्हणून काकांचे नाव आहे. ते अक्षर आमच्या त्या मित्राचे आहे. नावाखाली वडिलांचा व्यवसायही त्याने स्वतःच लिहिला आहे.

— इयत्ता दहावी ‘ब’ चे विद्यार्थी