राम जेठमलानींचे वकीलपत्र

३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने जळगाव घरकुल खटल्यात ४८ जणांना दोषी ठरवले. त्यांत माजी मंत्री होते, नगरसेवक होते. आठ दिवसांनी, ८ सप्टेंबरला, राम जेठमलानी दिल्लीत वारले. या दोन घटनांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. पण खान्देशात त्या दिवसांत दोन्हींची चर्चा एकाच सुरात झाली. बड्या आरोपींना बडे वकील मिळतात, म्हणून खटले वर्षानुवर्षे रेंगाळतात, आणि असल्या वकिलांचा मेरुमणी आता गेला, असा तो सूर. तो अजूनही कानी येतो. त्याच्या शेजारीच दुसरा सूर असतो, कौतुकाचा. फाळणीत सगळे गमावून आलेला कफल्लक तरुण देशाचा कायदामंत्री झाला, जिद्द असावी तर अशी! मला दोन्ही मान्य नाहीत. आधी कौतुकाचाच समाचार घेतो, कारण त्यावर सहसा कोणी शंका घेत नाही.

जेठमलानी कफल्लक होऊन आले, हे पैशापुरते खरे. सिंधमधल्या शिकारपूरला १९२३ साली जन्मलेल्या या माणसाचे वडील वकील होते, आजोबाही वकील होते. सतराव्या वर्षी त्यांनी कायद्याची पदवी घेतली. वकिलीला २१ वर्षे पूर्ण लागत, तेव्हा त्या नियमाविरुद्ध स्वतःच बाजू मांडून त्यांनी अठराव्या वर्षी सनद मिळवली. कराचीत ए. के. ब्रोही यांच्याबरोबर भागीदारीत वकिली थाटली. जानेवारी १९४८ मध्ये कराचीत दंगल झाली आणि पुढच्याच महिन्यात ते मुंबईला आले. म्हणजे घर, पुस्तके, अशील, सगळे तिकडे राहिले. तीन पिढ्यांची वकिली मात्र सोबत आली. जळगावच्या सिंधी कॉलनीत किंवा धुळ्याच्या कुमारनगरात जे लोक येऊन राहिले, त्यांतल्या बहुतेकांजवळ असे काही नव्हते. गावोगाव फिरून कापड विकण्यापासून त्यांनी सुरुवात केली. जिद्दीचीच गोष्ट सांगायची असेल तर ती त्यांची सांगा. जेठमलानींना त्या साच्यात बसवले की त्यांच्याबद्दलची खरी महत्त्वाची गोष्ट निसटते.

ती गोष्ट त्यांच्या मुंबईतल्या सुरुवातीच्या एका खटल्यात आहे. मुंबई सरकारने १९४८ मध्ये निर्वासितांसाठी खास कायदा केला होता. गृहखाते मोरारजी देसाईंकडे होते. या कायद्याने निर्वासिताला नोंदणी सक्तीची केली आणि त्याने कुठे राहायचे हे ठरवण्याचा अधिकार सरकारकडे घेतला. कल्याणच्या छावणीतला माणूस काही गुन्हा न करताही सरकारी परवान्यावर जगणारा ठरला. राज्यघटना अजून लागू व्हायची होती, मूलभूत हक्कांचा आधार घ्यायचा तर कलमच नव्हते. तरी जेठमलानींनी या कायद्याला उच्च न्यायालयात आव्हान दिले. तो लढा आपण जिंकलो, हे ते पुढे आयुष्यभर अभिमानाने सांगत.

त्यांच्या पुढच्या साऱ्या वकिलीची किल्ली मला इथे सापडते. माणसाने काय केले हे न पाहता तो कोणत्या गटातला आहे हे पाहून सरकार त्याला संशयित ठरवते, तेव्हा त्याच्या बाजूने कोणीतरी उभे राहिले पाहिजे, हा धडा त्यांना पुस्तकातून मिळालेला नव्हता. संशयितांच्या रांगेत ते स्वतः उभे होते.

आता टीकेचा सूर: ‘गुन्हेगारांचा वकील’. इंदिरा गांधी हत्या खटल्यात दिल्ली पोलिसांतले उपनिरीक्षक बलबीर सिंग यांना खालच्या कोर्टाने फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने ती कायम केली. देशभर संताप असताना जेठमलानी सर्वोच्च न्यायालयात उभे राहिले आणि १९८८ मध्ये बलबीर सिंग निर्दोष सुटले. संसद हल्ल्याच्या खटल्यात दिल्लीच्या महाविद्यालयातले शिक्षक गिलानी यांना फाशी झाली होती. त्यांनाही उच्च न्यायालयाने २००३ मध्ये सोडले आणि सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका कायम ठेवली. हे दोघे ‘गुन्हेगार’ नव्हते, हे आज आपल्याला कशामुळे माहीत आहे? कोणीतरी शिव्या खाऊन त्यांचे वकीलपत्र घेतले म्हणून. वकील न मिळता हे दोघे फासावर गेले असते, तर आपण त्यांना आजही गुन्हेगारच म्हणत राहिलो असतो, आणि तेही बिनदिक्कत.

आपल्या भागात हे पटवणे अवघड जाते, याला एक कारण आहे. जळगावात वकिली सुरू केलेले आणि दिल्लीपर्यंत पोहोचलेले नाव म्हटले की आज उज्ज्वल निकम आठवतात. १९९३ च्या बॉम्बस्फोटांपासून कसाबपर्यंतचे खटले त्यांनी सरकारच्या बाजूने लढवले, २०२४ ची लोकसभा हरले, २०२५ मध्ये राष्ट्रपतींनी त्यांना राज्यसभेवर नेमले. खान्देशाला त्यांचा अभिमान आहे आणि तो असायला हरकत नाही. पण नायक म्हणजे सरकारी वकील, हे समीकरण त्यातून पक्के झाले. कसाबने तुरुंगात बिर्याणी मागितल्याची बातमी आठवा. तिच्यावर किती वर्षे संताप झाला, भाषणे झाली. ती गोष्ट आपण रचली होती, आरोपीबद्दल निर्माण होऊ लागलेली भावनिक लाट मोडण्यासाठी, हे निकमांनी स्वतःच २०१५ मध्ये जयपूरला सांगितले. कसाबविरुद्ध पुरावा भक्कम होता, बिर्याणीची गरजच नव्हती. तरी ती शिजली आणि आपण आवडीने खाल्ली. आरोपीबद्दल वाटेल ते खपते, ते असे. त्याच कसाबचे वकीलपत्र न्यायालयाने अंजली वाघमारे यांच्याकडे दिले, तर त्यांच्या वरळीच्या घरावर दगडफेक झाली. अमुक आरोपीचा खटला कोणी चालवू नये असे वकील संघांचे ठराव बेकायदा आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाला २०१० मध्ये लिहून द्यावे लागले, आणि तसे ठराव त्यानंतरही होतच राहिले.

मात्र वकीलपत्र घेणे वेगळे आणि ते घेऊन काय बोलायचे हे वेगळे. आसाराम यांच्या जामिनासाठी उभे राहण्याचा जेठमलानींना पूर्ण हक्क होता. तक्रारदार अल्पवयीन मुलीलाच पुरुषांकडे ओढणारा आजार आहे असा युक्तिवाद करण्याचा नव्हता. जेसिका लाल खटल्यातही त्यांनी पुराव्याला न शोभणारी एक कहाणी पुढे केली. इथे मी त्यांचा बचाव करणार नाही. निर्वासितांच्या कायद्याशी भांडणाऱ्या वकिलाला सरकारपुढे दुबळा कोण हे बरोबर कळले होते. आसाराम यांच्या जोधपूरच्या खटल्यात दुबळी कोण, हे त्यांना दिसले नाही, किंवा दिसूनही त्यांनी डोळेझाक केली.

राजकारणाबद्दलचा आक्षेप सर्वांत सोपा आणि सर्वांत खरा. १९७१ साली शिवसेना आणि जनसंघाच्या पाठिंब्यावर अपक्ष, मग जनता पक्ष, भाजप, वाजपेयींच्या मंत्रिमंडळात कायदामंत्री, २००४ मध्ये लखनौला त्याच वाजपेयींविरुद्ध उमेदवार, २०१० मध्ये पुन्हा भाजपचे खासदार, २०१३ मध्ये हकालपट्टी, २०१६ मध्ये लालूप्रसादांच्या पक्षातून राज्यसभा. पक्षांतरे पाहून न पाहिल्यासारखे करण्यात खान्देशाचा हात कोणी धरणार नाही, तरी ही यादी आपल्यालाही जड जाते. तिला निष्ठा म्हणता येत नाही, म्हणूही नये.

पण यावरून ते संधिसाधू ठरत नाहीत. संधिसाधू माणूस सत्ता जिंकत असताना तिच्या बाजूला सरकतो. आणीबाणीत जेठमलानी बार कौन्सिल ऑफ इंडियाचे अध्यक्ष होते. इंदिरा गांधींवर जाहीर टीका केली म्हणून केरळमधून वॉरंट निघाले. त्याला स्थगिती मागायला पालखीवालांच्या नेतृत्वाखाली तीनशेच्या वर वकील मुंबईत उभे राहिले. एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अटकेविरुद्ध दाद मागण्याचा हक्कच आणीबाणीपुरता बंद केला, तेव्हा हा माणूस देश सोडून गेला आणि अमेरिकेत राजाश्रय मागून राहिला. आयुष्यात दुसऱ्यांदा निर्वासित! १९७७ मध्ये मुंबई वायव्य मतदारसंघात त्यांनी आणीबाणीचे कायदामंत्री ह. रा. गोखले यांनाच पाडले. त्याच वर्षी पलीकडे झिया यांची लष्करी राजवट कायदेशीर आहे हे पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयात कोण पटवून देत होते? कराचीतले त्यांचे जुने भागीदार ब्रोही. एकाच कचेरीत बसलेले हे दोन वकील, दोघेही पुढे आपापल्या देशाचे कायदामंत्री झाले. इतके साम्य असताना १९७७ मध्ये दोघे नेमक्या उलट्या बाजूंना उभे होते.

जनता सरकारचे पंतप्रधान मोरारजी देसाई. त्यांनी कायदा खाते शांतिभूषण यांना दिले, जेठमलानींना मंत्रिपद दिलेच नाही. १९९८ मध्ये नगरविकास खाते मिळाले, तर कोणत्याही नागरिकाला खात्याच्या फायली पाहता याव्यात असा आदेश त्यांनी काढला. माहिती अधिकाराचा कायदा व्हायला अजून सात वर्षे होती. मंत्रिमंडळ सचिवांनी तो आदेश रोखला. २००० मध्ये सरन्यायाधीश आणि महान्यायवादी या दोघांशी एकदमच वाजले आणि कायदामंत्रिपदही गेले. मंत्री म्हणून ते कोणत्याच सरकारला पेलले नाहीत. यात त्यांच्या तोंडाळपणाचा दोष होता, पण सगळा दोष त्याचाच, हे मी मानत नाही.

त्यांना ‘सिंधी समाजाचे भूषण’ म्हणून गौरवणाऱ्यांना जळगावातच एक काम करता येईल. सिंधमधून आलेली हिंदू कुटुंबे आजही इथे दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहतात. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसे रद्द झाले, तेव्हा या हिंदू कुटुंबांचे व्हिसे चालू राहतील हा खुलासा सरकारला वेगळा करावा लागला. आपण कोणत्या कागदावर इथे राहतो आणि तो कागद कोणाच्या सहीने संपू शकतो, हा या लोकांपुढचा प्रश्न १९४८ च्या कल्याण छावणीतल्या प्रश्नाचा सख्खा भाऊ आहे. निर्वासितांसाठी देशात आजही स्वतंत्र कायदा नाही. सगळे परिपत्रकांवर चालते, आणि परिपत्रकाला आव्हान द्यायला वकील लागतो.